डिस्चार्जनंतरचं घर : एका पेशंटची केस

पेशंट दारूच्या व्यसनाचा, वय ४३. नाशिकला सिडकोत राहतो, अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत सीएनसी मशीनवर सेटर आहे, परमनंट. घरात आई, बायको, दहावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा. नाव देत नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदललेत आणि घरच्यांना विचारूनच लिहितोय. त्याला आपण भाऊ म्हणू आणि बायकोला वहिनी, मी तसंही तेच म्हणतो. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. मी एकेकाळचा पेशंटच, आता एका व्यसनमुक्ती सेंटरच्या फॉलोअपला बसतो, डिस्चार्ज झालेल्यांच्या घरी जातो, फोन घेतो, आणि हे फोन जास्त करून रात्रीचेच असतात.

ह्या केसमध्ये फार भारी काही घडलेलं नाही. माणूस सेंटरला गेला, बाहेर आला, चार महिन्यांनी एकदा प्यायला आणि परत सावरला. पण त्या घरानं त्याच्याशी वागायची पद्धत जी बदलली ती लिहून ठेवावीशी वाटली. माया करा, समजून घ्या, आधार द्या हे सगळेच सांगतात, पण संध्याकाळी सात वाजता तो दारात उभा असताना नेमकं काय करायचं हे कोणी सांगत नाही.

आधीचं थोडक्यात

पिणं पंधरा-सोळा वर्षांचं. आधी शनिवारी, मग पगाराच्या दिवशी, मग रोज एक क्वार्टर, शेवटी शेवटी सकाळी हात थरथरतात म्हणून शिफ्टला जायच्या आधी नाइंटी. ह्या काळात घरानं जे केलं तेही मायेपोटीच केलं हे लक्षात घ्या. वहिनी कंपनीत फोन करून सांगायच्या की ताप आलाय. आईनं पोथ्यांच्या डब्यातले पैसे देऊन दोनदा उधारी फेडली. त्याच्या सख्ख्या भावानं सोसायटीचा हप्ता भरला. म्हणजे पिण्याचा हिशोब दुसरेच चुकते करत होते आणि भाऊला त्याची झळ लागतच नव्हती.

मग कोणीतरी पावडर सुचवली. एसटी स्टँडच्या भिंतीवर, मुतारीच्या दारावर लिहिलेलं असतं बघा, ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’. वहिनींनी ती मागवली आणि महिनाभर चहातून दिली. अशा पावडरींमध्ये काय असतं ते कोणालाच माहीत नसतं, आणि त्यात जर डायसल्फिराम असेल तर तो सरळ जिवाशी खेळ आहे. ही गोळी शरीरात दारूचं पचन अर्ध्यावर अडवते, अॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य साठतं, आणि वरून दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी खाली जातं. हार्टचा त्रास असलेला माणूस दगावू शकतो. म्हणून ती कधीही लपवून देत नाहीत, पेशंटला सांगून, त्याची तयारी असेल तरच आणि लिव्हरच्या टेस्ट करूनच देतात. वहिनींचं नशीब की त्या पावडरीत बहुतेक काहीच नव्हतं.

पुढं कार्तिकीला भाऊनं आळंदीला जाऊन माळ घातली. मनापासून घातली होती, त्या दिवसापासून दारू एकदम बंद. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरातच फीट आली. आईला वाटलं बाहेरचं काहीतरी आहे, शेजारणीनं चप्पल हुंगवली. प्रत्यक्षात तो विथड्रॉवल होता. रोज पिणाऱ्यानं अचानक थांबवलं की ६ ते १२ तासांत थरथर सुरू होते, फीट येणारच असेल तर साधारण पहिल्या दोन दिवसांत येते, आणि भास, बडबड, घाम, ताप हे जे डेलिरियम असतं ते दोन ते चार दिवसांच्या मध्ये कधीतरी, आणि त्यात उपचार नाही मिळाले तर माणूस जातो. माळ घालणाऱ्यांना मी कधीच नावं ठेवणार नाही, कित्येकांची त्यानंच सुटली, पण रोज पिणाऱ्यानं माळ घालायच्या आधी डॉक्टर गाठावा, बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं आणि आठवडाभराच्या गोळ्या घेऊन मग खुशाल घालावी.

हॉस्पिटलमधून घरी आला, दीड महिन्यात परत सुरू. आणि आता वरून माळ मोडल्याचं पाप, त्यामुळे पिणं दुप्पट. फेब्रुवारीत वहिनी मुलांना घेऊन माहेरी गेल्या, जाताना फक्त एवढं म्हणाल्या की तुम्ही ॲडमिट व्हाल त्या दिवशी मी परत येईन. ओरडल्या नाहीत. भाऊ आठ दिवसांनी स्वतःच्या पायानं सेंटरला आला. डिस्चार्ज पाडव्याच्या आसपास.

एक आकडा मध्येच सांगतो. केंद्र सरकारनं एम्सकडून करून घेतलेल्या २०१९ च्या देशभराच्या सर्वेक्षणात असं दिसलं की दारूचं अवलंबित्व असलेल्या दर ३८ माणसांत एकालाच कुठलीतरी मदत मिळालेली, आणि ॲडमिट होऊन उपचार घेतलेला १८० मध्ये एक. म्हणजे भाऊ सेंटरपर्यंत पोचला हेच आधी दुर्मिळ.

घरी आल्यावर

पहिले पंधरा दिवस सगळं गोडीगुलाबीचं. आईनं मांडे केले, मुलगा चिकटून बसायचा. मग हुंगणं सुरू झालं.

मी एकदा संध्याकाळी तिथंच बसलो होतो तेव्हा स्वतः बघितलं. भाऊ दारात आला, वहिनी पाणी घेऊन पुढं गेल्या, आणि ग्लास हातात द्यायचं निमित्त करून त्याच्या तोंडाच्या इतक्या जवळ गेल्या की तो आपोआप मागं सरकला. मागं सरकला की संशय वाढला. मग डब्याची पिशवी घेतली, ती चाचपली. आईनं आतून विचारलं, ‘‘काय गं?’’ वहिनींनी मान हलवली, म्हणजे नाही. हे सगळं अर्ध्या मिनिटात, आणि कोणी कोणाला एक शब्द वाईट बोललं नाही. मुलगी तिथंच अभ्यास करत होती, तिनं मान वर न करता सगळं पाहिलं. रात्री खाली उतरल्यावर गाडीची डिकी उघडून बघायची ड्युटी मुलाची होती, हे मला नंतर कळलं. सहावीतल्या पोराची ड्युटी!

भाऊनं फॉलोअपला जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. ‘‘दादा, पीत होतो तेव्हा वास लपवायला बडीशेप खायचो. आता पीत नाही तर बडीशेप खायची चोरी, खाल्ली की म्हणतात कशाला खाल्ली.’’ तो मग कंपनीतून सुटल्यावर मुद्दाम फिरत बसायला लागला, घरी जायचं तोंड नको म्हणून. आणि फिरायचं कुठं, तर त्याच जुन्या रस्त्यांवर.

आता ह्यात वहिनींना दोष द्यायचा का? मला तर अजिबात द्यावासा वाटत नाही. ज्या बाईनं पंधरा वर्षं ‘आज शेवटची’ ऐकलंय तिनं सर्टिफिकेट बघून विश्वास ठेवावा ही अपेक्षाच खुळी आहे. पण हुंगून काही कळत नाही हेही खरं. संशयी माणसाला नसलेला वास येतो आणि पिणाऱ्याला वास लपवायच्या शंभर युक्त्या येतात.

कंपनीतली तऱ्हा वेगळी. तिथं हुंगत नव्हते, चिडवत होते. ‘‘महाराज आले’’, ‘‘तीर्थ घ्या महाराज’’. चहाच्या ब्रेकला त्याला कोणी बोलवेना, कारण त्यांच्या चहाच्या ब्रेकमध्येच रात्रीचं ठरायचं आणि ह्याच्यासमोर ठरवायला त्यांना ओशाळल्यासारखं व्हायचं. मशीनवरून काढून स्टोअरला बसवला होता ते बरोबरच होतं सुरुवातीला. पण लाइनच्या इनचार्जनं एक गोष्ट केली जी मी इतर कुठं फारशी बघितली नाही. त्यानं भाऊला बाजूला घेऊन विचारलं की तुला कुठली शिफ्ट पाहिजे. सगळ्यांना वाटत होतं फर्स्ट द्यावी, सकाळी सात ते साडेतीन, रात्री घरी झोपेल, तब्येत सुधारेल. भाऊ म्हणाला सेकंड द्या. कारण फर्स्ट शिफ्टला साडेतीनला सुटलं की पुढं अख्खी संध्याकाळ मोकळी आणि सुटल्यावर गेटसमोरच दुकान. सेकंडला साडेतीनला आत जायचं ते बाराला बाहेर, तोवर सगळं बंद. इनचार्जनं सेकंड लावून दिली. ना भाषण ना पाठीवर हात. चार महिन्यांत मिळालेली ही सगळ्यात कामाची मदत होती असं भाऊ स्वतः सांगतो.

वहीच्या मागच्या पानावरचं

एप्रिलच्या शेवटी घरात बैठक झाली. भाऊ, वहिनी, आई, मी आणि अर्धा वेळ मुलगी. मुलीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर वहिनींनी लिहून घेतलं.

पहिलं ठरलं ते हुंगायचं बंद, डिकी बंद, मुलाला ह्या कामातून पूर्ण मोकळं करायचं. त्याऐवजी काय? तर भाऊची डायसल्फिरामची गोळी चालू होती, डॉक्टरांनी त्याला सगळं समजावून दिलेली, ती तो रोज सकाळी वहिनींच्या समोर घेणार. सेकंड शिफ्ट असल्यामुळे सकाळी निवांत असायचे दोघं. गोळी घेताना बघितली की त्या दिवसाचा प्रश्न संपला, मग दिवसभर ‘कुठं होता’ नाही. हे भाऊनंच सुचवलं आणि ते महत्त्वाचं आहे, कारण लादलेला पहारा आणि स्वतः दिलेला पुरावा ह्यात फरक पडतो. पगार वहिनींच्या खात्यावर, रोजचे शंभर रुपये खिशात, हिशोब विचारायचा नाही.

दुसरं, प्यायलाच तर काय करायचं. हे लिहायला आईचा सक्त विरोध. ‘‘अपशकुनी बोलू नका, प्यायलाच तर कशाला लिहिता, म्हणजे पिणारच असं धरून चाललात का.’’ मी त्यांना एवढंच सांगितलं की आई, तुम्हाला बीपीची गोळी आहे, तुमचं बीपी कधी वाढतं तर आपण तुम्हाला घराबाहेर काढतो का, डॉक्टरकडं नेतो. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन ड्रग अब्यूजचा आकडा असा आहे की उपचार घेतलेल्यांपैकी ४० ते ६० टक्के लोक परत कधीतरी घसरतात, आणि बीपी, दम्याचे पेशंट उपचार सोडून परत आजारी पडतात ते प्रमाणही साधारण तेवढंच किंवा थोडं जास्तच. आईंना टक्क्यांत रस नव्हता, पण बीपीचं पटलं.

मग लिहिलं ते असं. प्यायला तर घरात घ्यायचं, बाहेरच्या खोलीत झोपवायचं, गाडीची किल्ली काढून घ्यायची. रात्री एकही जाब विचारायचा नाही, प्यायलेल्या माणसाशी भांडून काही साधत नाही. मला फोन करायचा. सकाळी डॉक्टर. कंपनीत वहिनी फोन करणार नाहीत, जे सांगायचं ते तोच सांगेल. आणि हात उचलला किंवा मुलांवर ओरडला तर वहिनी त्याच रात्री मुलांना घेऊन निघतील, त्यावर चर्चा नाही. शेवटचं वाक्य वहिनींनी दोनदा अधोरेखित केलं. भाऊनं खाली सही केली.

इथं मला एक ठाम मत मांडायचंय. लोकांना वाटतं माया म्हणजे अटी न घालणं. ह्या घरात उलट होतं, अटी आधी ठरल्या, तो शुद्धीत असताना, त्याच्या समोर, आणि त्यामुळेच नंतर मायेनं वागायला जागा राहिली. अटीच नसल्या की मग घसरल्यावर सगळं रागावर ठरतं. ज्या घरात मारहाण आहे तिथं तर हे काहीच लागू नाही, तिथं आधी बाई आणि मुलं सुरक्षित, १८१ वर फोन, बाकीचं नंतर.

गोळी बंद झाली

जूनमध्ये टेस्टला लिव्हरचं एसजीपीटी वाढलेलं आलं आणि डॉक्टरांनी डायसल्फिराम थांबवली. होतं असं, लिव्हरला ती काही जणांना सोसत नाही म्हणून तर टेस्ट करत राहायच्या असतात. पण घरात त्याचा अर्थ वेगळा लागला. सकाळची ती गोळी म्हणजे वहिनींची झोप होती. ती गेली आणि आठवडाभरात हुंगणं परत आलं. आधी नकळत, मग उघड. वहिनी फोनवर म्हणाल्या, ‘‘मला कळतं की नाही करायला पाहिजे, पण कुलूप काढलेल्या घरात झोपल्यासारखं होतंय.’’

मी त्यांना अल-अॅनॉनच्या मीटिंगला जा म्हणालो. हे पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असतं, पिणाऱ्यानं यायचंच नसतं. अमेरिकेत १९५१ ला सुरू झालं, दारू सोडणाऱ्यांची अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही संघटना चालू करणाऱ्या बिल विल्सनची बायको लोइस हिनं सुरू केलेलं. वहिनींचं पहिलं म्हणणं की व्यसन त्यांचं आणि मीटिंग मला? बरोबर आहे, सगळ्या हेच म्हणतात. दोनदा गेल्या. तिथं एका म्हाताऱ्या बाईनं सांगितलं की मी नवऱ्याच्या वासाची इतकी तज्ज्ञ झाले होते की माझ्या स्वतःच्या जेवणाची चव गेली होती. ते मात्र वहिनींना लागलं. घरी येऊन त्यांनी पोळी-भाजीच्या डब्यांची ऑर्डर वाढवली, संध्याकाळी सहा ते आठ हात कणकेत, म्हणजे तो येईपर्यंत मनात घोळवत बसायला वेळच नको.

गटारी

आषाढ अमावास्या. देव्हाऱ्यात दिव्यांची पूजा आणि गल्लीत गटारी, दोन्ही एकाच दिवशी. दुसऱ्या दिवसापासून श्रावण म्हणून महिन्याभराचं एकाच रात्रीत उरकायचं. व्यसनातून बाहेर आलेल्या माणसासाठी आमच्याकडं वर्षातले दोन दिवस फार वाईट, हा आणि थर्टीफर्स्ट. भाऊनं कंपनीतल्यांची शेतावरची पार्टी टाळली, रजा टाकली, आणि सहकुटुंब साडूकडं मटण खायला गेला. सगळ्यांना वाटलं घरातल्या घरात आहे, सेफ आहे.

साडू वाईट माणूस नाही. त्यानं भाऊच्या ॲडमिशनच्या वेळी वीस हजार दिले होते आणि परत मागितले नाहीत. पण जेवणं झाल्यावर बायका आत, पोरं मोबाइलवर, हे दोघं गच्चीत, आणि तो म्हणाला, ‘‘एवढं कडक कशाला राहतो, बिअर म्हणजे काय दारू आहे का.’’ त्याच्या डोक्यात ते प्रेमच होतं, बिचारा एकटा कोरडा बसलाय म्हणून. एक बिअर झाली. मग भाऊ पान आणायला जातो म्हणून उतरला, कुटुंबाला साडूच्या रिक्षानं पुढं पाठवलं, आणि क्वार्टर मारून साडेदहाला घरी.

दार वहिनींनी उघडलं. वास यायला जवळ जायची गरजच नव्हती. आई उठून बसल्या आणि कपाळावर हात मारून सुरू झाल्या, ‘‘मेल्या, तुला पोरांची तरी...’’ वहिनींनी त्यांना आत नेऊन दार लोटलं. मग भाऊला म्हणाल्या, ‘‘किल्ली द्या. अंथरूण घातलंय. सकाळी बोलू.’’ तो रडायला लागला, पाया पडायला लागला. वहिनी म्हणाल्या, ‘‘आत्ता नको’’ आणि मला फोन लावला. फोनवर त्यांचा आवाज इतका कोरडा होता की मला आधी वाटलं काहीतरी भयंकर झालं. किती प्यायलाय, पडला आहे का, डोक्याला लागलंय का, शुद्धीत आहे का एवढं विचारलं, एका कुशीवर झोपवा म्हणालो, आणि सकाळी सहाला येतो.

सहाला जायचं कारण आहे. लोक रात्रीला घाबरतात, मी सकाळला घाबरतो. रात्री तो प्यायलेला असतो, सकाळी तो शुद्धीत येतो आणि त्याला सगळं आठवतं. चार महिने गेले, सही केलेली, माळ मोडलेली, मुलीनं बघितलं. ही शरम इतकी जड असते की ती उतरवायला एकच रस्ता माहीत असतो. ॲलन मार्लाट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं ह्यावरच आयुष्यभर काम केलं, त्याचं म्हणणं असं की एका घोटानं माणूस परत व्यसनात जात नाही, घोटानंतर तो स्वतःला जे म्हणतो त्यानं जातो. ‘मोडलंच आता, मग पुरतंच मोडू दे.’ मी पोचलो तेव्हा भाऊ शर्ट घालून चपला शोधत होता. ‘जरा काम आहे’ म्हणाला. सकाळी सहाला गटारीच्या दुसऱ्या दिवशी काय काम असतं?

खाली बसवला. वहिनींनी चहा आणला, तीन कप, त्याच्यासमोरही तसाच ठेवला. मी त्याला उपदेश केला नाही, डॉक्टर बॉबची गोष्ट सांगितली, जी मी बऱ्याच जणांना सांगतो. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस म्हणजे एए चालू केली ती दोघांनी, बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हा अमेरिकेतल्या अॅक्रन शहरातला सर्जन. १९३५ च्या मे महिन्यात भेटले, बॉबनं दारू सोडली, आणि तीनेक आठवड्यांत तो डॉक्टरांच्या अधिवेशनाला अटलांटिक सिटीला गेला तो तिथं प्यायला लागला ते शुद्ध हरपेपर्यंत. घरी आणला. बायको अॅन आणि बिल, दोघांनी त्याला सांभाळलं, कोणी हाकलला नाही. त्याला ऑपरेशन करायचं होतं, हात थरथरत होते, तर बिलनंच त्याला एक बिअर दिली हात स्थिर व्हायला. ती त्याची शेवटची. १० जून १९३५. एए आपला स्थापनादिन म्हणून हीच तारीख मानते, म्हणजे एका स्लिपनंतर, घसरल्यानंतर, सावरतानाचा दिवस. (ते बिअर देण्याचं आता कोणी करू नये, तेव्हा आजच्यासारखी औषधं नव्हती.)

भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, ‘‘त्याची पण माळ मोडली होती म्हणायची.’’ दहा वाजता डॉक्टरकडं गेलो. कंपनीत फोन त्यानं स्वतः केला आणि इनचार्जला खरं सांगितलं, घसरलो, दोन दिवस द्या. इनचार्ज म्हणाला दोनच, तिसऱ्या दिवशी मशीनवर ये, स्टोअरला नाही.

नंतरचं, जे सरळ नाही

वहिनींचा राग तिसऱ्या दिवशी आला. रात्री सगळं पानावरच्यासारखं केलं, सकाळी चहा दिला, आणि तिसऱ्या दिवशी भाजी चिरताना विळी फेकली आणि तासभर रडल्या, जे तोंडाला येईल ते बोलल्या. भाऊ मला फोन करून म्हणतो, दादा, हिला समजवा. मी म्हणालो अजिबात नाही, तू ऐक. त्याला माफ केलं म्हणून तिनं चिडायचं नाही असं कुठं लिहिलंय? त्या पुढं महिनाभर मुलीबरोबर आतल्या खोलीत झोपल्या. सासूनं टोमणे मारले. माझ्या मते वहिनी बरोबर होत्या. त्याला सांभाळण्यात त्यांचा पार चोथा होणार असेल तर असली माया मला मान्य नाही, आणि आपल्याकडं हे ओझं नेहमी बायकांवरच येतं, बायको प्यायला लागली तर किती नवरे अंथरूण घालून ठेवतात ते मी बघितलंय.

मुलीचं अजून जमलेलं नाही. ती बापाशी कामापुरतं बोलते. भाऊला घाई झालेली, तिची माफी मागायची, तिनं ‘असू दे पप्पा’ म्हणायचं आणि गळ्यात पडायचं. एएच्या बारा पायऱ्यांतली नववी पायरी भरपाईची आहे, पण तिच्यातच लिहिलंय की ज्यानं समोरच्याला आणखी त्रास होईल तिथं करू नका. मी त्याला म्हणालो तू तिच्या क्लासची फी वेळेवर भर आणि रात्री बाराला येशील तेव्हा दार हळू लाव, एवढंच कर. तो फी भरतोय. ती अजून गप्प आहे, आणि तिला तो हक्क आहे.

साडूशी बिनसलं. वहिनींच्या बहिणीनं साडूला झापलं, साडू म्हणाला मी काय त्याच्या तोंडात ओतली का, माझ्यावर कशाला आळ. खरंय, ओतली नाही. मी त्याला भेटलो, चूक कोणाची हे काढलंच नाही. फक्त म्हणालो की ज्याचा पिण्यावरचा ब्रेक गेलाय त्याला बिअर आणि देशी एकच, आणि तुम्हाला त्याच्यासाठी काही करायचंच असेल तर गच्चीत त्याच्याबरोबर सोडा पीत बसा, एकटा कोरडा बसायला लावू नका. त्यानं ऐकून घेतलं, पटलं का माहीत नाही.

हुंगणं मात्र परत सुरू झालं नाही. मला वाटलं होतं स्लिपनंतर दुप्पट होईल. वहिनींचं उत्तर साधं होतं. ‘‘प्यायले तर मला कळेल आणि कळल्यावर काय करायचं ते मला माहीत आहे. मग रोज कशाला घाबरू.’’ म्हणजे गोळीनं जी झोप दिली होती ती आता त्या पानानं दिली. मुलाची डिकीची ड्युटी तर कधीच सुटली, तो आता भाऊकडून गाडी धुवायचे दहा रुपये घेतो.

अशा घरांना दोन नंबर मी देऊन ठेवतो. व्यसनासाठी केंद्र सरकारची १४४४६, आणि मन फार खाली गेलं, जीव द्यायचे विचार यायला लागले तर टेली-मानसची १४४१६. दोन्ही फुकट. आणि सेंटर निवडताना तिथं मारतात का, साखळीनं बांधतात का हे बिनधास्त विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जच्या व्यसनाचे आजारही येतात आणि त्या कायद्यानं साखळीनं बांधायला सरळ बंदी आहे. तरी अजून लोक म्हणतात, ‘तिकडं टाका, चांगला चोपतात.’ पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण सुरू झालं, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी केलेलं, पु.ल. आणि सुनीताबाईंच्या एक लाखाच्या देणगीतून. न मारता, पेशंटला माणूस समजून हे होतं हे तिथं दिसून इतकी वर्षं झाली, तरी चोपणारी सेंटरं चालतातच.

सध्याचा प्रश्न दिवाळीनंतरचा आहे. भाऊच्या बहिणीच्या मुलीचं लग्न येवल्याला, आणि हा सख्खा मामा, नवरीला मांडवात आणायचा मान ह्याचा. लग्नाची काळजी नाही, सकाळचं आहे. आदल्या रात्रीची हळद ही काळजी, डीजे आणि मागच्या बाजूला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सगळी सोय. भाऊ म्हणतो मी हळदीला येणार नाही, पहाटेच्या गाडीनं येतो. बहीण म्हणते मामाशिवाय हळद कशी, लोक काय म्हणतील. आई बहिणीच्या बाजूनं. वहिनी म्हणतात त्यांनी ठरवावं. परवा साडूनं फोन करून सांगितलं की मीपण हळदीला जात नाही, पहाटे माझ्या रिक्षानं दोघं जाऊ. बहिणीनं अजून हो म्हटलेलं नाही, रविवारी तिच्याकडं बसायचं ठरलंय आणि मलाही बोलावलंय.